उद्यावरचा हक्क

बॉब फॉसी यांनी दिग्दर्शित केलेला 'कॅबरे' हा अमेरिकन संगीतपट १९७२ साली पडद्यावर आला. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली, तरी लोकशाहीवर संकट आल्याची भावना जेथे जेथे बळावते, तेथे तेथे या चित्रपटाची आठवण निघते. हे योग्यच आहे. परंतु त्यातून जो बोध बहुधा काढला जातो, तो मात्र तपासून पाहण्याची गरज आहे. १९३१ सालचे बर्लिन, तेथील रात्रीचा एक नाचगाण्याचा अड्डा, दारू, पैसा आणि देह यांत बुडालेली माणसे, आणि बाहेर रस्त्यावर वाढत चाललेला नाझींचा धुमाकूळ, हे चित्र पाहून पुष्कळ सद्गृहस्थ असा निष्कर्ष काढतात की, समाज विलासी आणि स्वैर झाला म्हणूनच हुकूमशाहीचे फावले. समाजवादी चळवळीतील साध्या राहणीच्या, व्रतस्थ वृत्तीच्या कार्यकर्त्यालाही हा निष्कर्ष चटकन पटण्यासारखा आहे. तो चुकीचा तर आहेच, परंतु मुळात तो नाझींचाच निष्कर्ष होता, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

मराठी वाचकाला 'कॅबरे' हा शब्द हिंदी चित्रपटांनी शिकवला. त्यामुळे तो उच्चारताच खलनायकाचा अड्डा आणि त्यातील नाच एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. बर्लिनमधील कॅबरे ही निराळी वस्तू होती. नाच, गाणे, विनोदी प्रवेश, आणि त्यांच्या अधूनमधून येऊन मंत्र्यांची, सेनापतींची, धर्ममार्तंडांची रेवडी उडवणारा सूत्रधार, असा तो खेळ असे. तमाशातील सोंगाड्या जी सूट घेतो, ती तेथला सूत्रधार घेई. कुर्ट टुखोल्स्कीसारखा जहाल लेखक कॅबरेसाठी गाणी लिहीत असे. चित्रपटातील किट कॅट क्लब हा या परंपरेचा फार थोर नमुना आहे असे नाही. तेथे विचारापेक्षा चावटपणाच अधिक. तरीही तो कोणत्या झाडाची फांदी आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय चित्रपटाचा अर्थ लागत नाही.

या कथेचे मूळ प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या लेखणीतून उतरलेले आहे. ख्रिस्तोफर इशरवुड हा तरुण इंग्रज लेखक १९२९ ते १९३३ या काळात बर्लिनमध्ये राहत होता. त्याचे 'गुडबाय टू बर्लिन' हे पुस्तक १९३९ साली निघाले. त्यावरून १९५१ साली नाटक झाले, १९६६ साली ब्रॉडवेवर संगीतिका झाली, आणि मग चित्रपट. (योगायोग असा की, नेमक्या याच वर्षांत डॉ. राममनोहर लोहिया बर्लिन विद्यापीठात मिठाच्या कराविषयीच्या प्रबंधाचे काम करीत होते आणि १९३३ साली मायदेशी परतले. इशरवुडने पाहिलेले रस्ते, मिरवणुका आणि मारामाऱ्या या देशातील समाजवादी चळवळीच्या एका नेत्यानेही पाहिलेल्या होत्या.) फॉसी यांनी मूळ संगीतिकेत एक मोठा फेरफार केला. संगीतिकेतील पात्रे घरात, रस्त्यात, कोठेही गाऊ लागत. चित्रपटात पात्रांची गाणी क्लबच्या रंगमंचापुरती राखून ठेवली आहेत. सॅली बोल्सच्या भूमिकेतील लिझा मिनेली, सूत्रधाराच्या भूमिकेतील जोएल ग्रे, ही माणसे दिव्यांच्या झोतात गातात आणि बाहेरच्या जगात साधे बोलतात. या नियमाला एकच अपवाद आहे, आणि सगळा चित्रपट त्या अपवादाभोवती उभा आहे.

तो प्रसंग शहराबाहेरचा आहे. उन्हाळ्याची दुपार, झाडांच्या सावलीत टेबले मांडलेली, बिअरचे पेले, सहकुटुंब आलेले लोक. धनाढ्य सरदार मॅक्सिमिलियन आणि इंग्रज तरुण ब्रायन एका टेबलाशी बसले आहेत. सोनेरी केसांचा एक मुलगा उभा राहून गाऊ लागतो. आवाज निर्मळ, चेहरा निष्पाप. गाण्यात कुरण आहे, अरण्य आहे, नदी आहे, पाळण्यातले मूल आहे. शत्रूचे नाव नाही, द्वेषाचा शब्द नाही. उद्याच्या दिवसावर मात्र हक्क सांगितला आहे. कॅमेरा चेहऱ्यावरून सावकाश खाली उतरतो, तेव्हा मुलाचा गणवेष दिसतो आणि दंडावरची स्वस्तिकाची पट्टी दिसते. मग एक तरुणी उठून त्याच्या आवाजात आवाज मिसळते. मग दुसरा कोणी, मग आणखी कोणी. सुरांची कूच होते, चेहरे ताठरतात, आणि शेवटी जवळजवळ सगळी बाग उभी राहून गात असते. टोपी घातलेला एक म्हातारा तेवढा बसून राहतो. त्याच्या तोंडावर राग आहे की गोंधळ, हे नीट कळत नाही. गाणारा मुलगा हात वर करून नाझी सलाम करतो, आणि दोघे मित्र काही न बोलता मोटारीकडे निघतात.

हे गाणे जर्मनीतील जुने नाझी गीत असावे असा पुष्कळांचा समज झाला होता. वस्तुस्थिती अशी की, ते जॉन कँडर आणि फ्रेड एब या दोन ज्यू कलावंतांनी संगीतिकेसाठी रचलेले होते. पुढे युरोपातील आणि अमेरिकेतील नव-नाझी टोळ्यांनी तेच गाणे आपले म्हणून गंभीरपणे गायला सुरुवात केली. विषाचा नमुना म्हणून बनवलेली वस्तू कोणी औषध म्हणून प्यावी, तसा हा प्रकार आहे. पण त्यातून रचनाकारांची पारख किती अचूक होती हेही सिद्ध होते. माणसे द्वेषाच्या गाण्याने उभी राहत नाहीत, आशेच्या गाण्याने उभी राहतात, हे त्यांनी ओळखले होते.

आता जरा हा प्रसंग कोठे घडतो याकडे पाहावे. तो किट कॅट क्लबमध्ये घडत नाही. तो दिवसाउजेडी, मोकळ्या हवेत, सभ्य माणसांच्या सहकुटुंब मेळाव्यात घडतो. विलासामुळे हुकूमशाही आली असे मानणाऱ्यांनी या एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. इतिहासही चित्रपटाच्या बाजूने साक्ष देतो. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला देशभरात ३७ टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली. त्याच निवडणुकीत बर्लिनमध्ये, म्हणजे सर्व कॅबरेंच्या त्या 'पापनगरी'त, नाझींची मते तीस टक्क्यांच्या आतच राहिली, आणि समाजवादी व कम्युनिस्ट या दोन कामगार पक्षांची मते मिळून निम्म्याहून अधिक भरली. उलट श्लेस्विग-होल्स्टाइन या शेतीप्रधान, प्रॉटेस्टंट, देवभीरू प्रांतात १९२८ साली अवघी ४ टक्के मते मिळवणारा नाझी पक्ष जुलै १९३२ मध्ये ५१ टक्क्यांवर गेला. चर्चमध्ये जाणारे, कष्टाने शेती करणारे, रात्री लवकर निजणारे हे लोक होते. कॅथलिक मुलुखात असे झाले नाही, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. परंतु तेथेही आवर घातला तो पाद्र्यांच्या व सेंट्रम पक्षाच्या संघटनेने. रात्री लवकर निजण्याच्या सवयीशी त्याचा संबंध नव्हता.

आणि सत्ता हाती येताच नाझींनी कोणावर झडप घातली? ६ मे १९३३ रोजी माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञानाची संस्था नाझी विद्यार्थ्यांनी लुटली, आणि १० मे रोजी तिच्या ग्रंथालयातील पुस्तकेही चौकात जाळली गेली. वेर्नर फिंक यांचा 'काटाकोंबे' हा कॅबरे १९३५ साली बंद पाडून त्यांना छळछावणीत धाडण्यात आले. कॅबरेचा नामांकित विनोदी नट फ्रिट्झ ग्रुनबाउम १९४१ मध्ये डाखाऊच्या छावणीत मेला. कुर्ट गेरॉन १९४४ मध्ये ऑशविट्झला मारला गेला. हुकूमशाहीचे पाप ज्यांच्या माथी मारले जाते, ते तिचे पहिले बळी होते. आजही स्त्रियांचे कपडे, तरुणांची गाणी किंवा कोणाचे खासगी प्रेमसंबंध यांना समाजाच्या अधोगतीची खूण मानणारी भाषा समाजवादी व्यासपीठावरून ऐकू येते तेव्हा वक्ता कोणाच्या कोठारातील शस्त्र उसने घेतो आहे, याची त्याला जाणीव नसते.

याचा अर्थ क्लब निर्दोष आहे असा नाही. चित्रपटाच्या आरंभी एका नाझीला क्लबबाहेर हाकलले जाते. त्याचा सूड म्हणून हाकलणाऱ्याला गल्लीत गाठून बडवतात, आणि त्याच वेळी आत रंगमंचावर बव्हेरियन थाटाचा चापट्यांचा नाच चाललेला असतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पुढे सूत्रधार एका गोरिलाशी प्रेमगीत गाऊन सारे सभागृह खिदळवतो, आणि शेवटच्या ओळीत ती मादी ज्यू असल्याचे सुचवून एक डंख मारतो. हा ज्यूद्वेषाचा उपहास आहे की ज्यूद्वेषच आहे, हे ठरवण्याचे काम प्रेक्षकांवर सोपवले आहे, आणि चित्रपटातील प्रेक्षक तर हसून मोकळे होतात. सत्तेला टोचणारा सोंगाड्या गिऱ्हाइकाचा कल पाहून दुबळ्याला टोचू लागला, की त्याचे काय होते याचे इतके भेदक चित्र दुसरे क्वचितच असेल. दोष नाचगाण्याचा नव्हता, कोणाची थट्टा करायची याचा विवेक गहाण टाकण्याचा होता.

चित्रपटातील सरदार हा प्रतिनिधिक नमुना आहे. रस्त्यात पडलेले रक्तबंबाळ प्रेत मोटारीतून दिसते, तेव्हा तो थंडपणे सांगतो की, हे नाझी म्हणजे गुंडांची टोळी आहे, पण कम्युनिस्टांचा काटा काढण्यापुरते ते उपयोगी आहेत, पुढे त्यांना आवरता येईल. आवरणार कोण, असे ब्रायन विचारतो. बागेतील गाणे संपल्यावर तोच प्रश्न तो पुन्हा विचारतो, आणि तेव्हा उत्तर येत नाही. हे पात्र काल्पनिक आहे, धोरण मात्र अक्षरशः घडलेले आहे. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी अवघे तीन होते. बाकीचे सरदार, सेनाधिकारी आणि भांडवलदारांचे विश्वासू लोक. उपचॅन्सेलर फॉन पापेन यांची खात्री होती की, दोन महिन्यांत हिटलरला कोपऱ्यात दाबून टाकता येईल. २० फेब्रुवारीला गोरिंगच्या निवासस्थानी बड्या उद्योगपतींची बैठक होऊन नाझींच्या निवडणूक निधीसाठी तीस लाख मार्कांची तजवीज झाली. चित्रपटातला सरदार आपले काम उरकून अर्जेंटिनाला निघून जातो. खऱ्या उद्योगपतींना कोठे जाण्याची गरज पडली नाही.

सॅली आणि ब्रायन ज्या घरात भाड्याने राहतात, तेथील दिवाणखान्यातील एक संभाषण सहज निसटून जाते, पण कार्यकर्त्यांनी ते कान देऊन ऐकावे. सगळे ज्यू सावकार असतील तर ते कम्युनिस्टही कसे, अशी शंका ब्रायन काढतो. त्यावर उत्तर मिळते की, हाच तर त्यांचा कावेबाजपणा, एका मार्गाने जमले नाही तर दुसऱ्या मार्गाने नाश करतात. तर्काने हा समज हरवता येत नाही, कारण तो तर्काने आलेलाच नाही. १९३२ च्या आरंभी जर्मनीत सुमारे साठ लाख लोक बेकार होते. ज्याचे भाडेकरू भाडे थकवतात आणि ज्याची पेन्शन पुरत नाही, त्याला आपल्या दैन्याचा कर्ता-करविता हवा असतो. तो कोण हे पटेल अशा भाषेत जो आधी येऊन सांगेल, त्याचे खरे मानले जाते.

येथे चित्रपटात एक मोठी पोकळी जाणवते. या बर्लिनमध्ये कामगार नाही. युनियन नाही, संप नाही, समाजवादी पक्षाची शाखा नाही. कम्युनिस्टांचा उल्लेख येतो तो मारले जाणारे म्हणून. लेखक, गायिका, सरदार, श्रीमंत ज्यू घराण्यातील कन्या, भाड्याने राहणारे मध्यमवर्गीय, एवढेच जग. हा फॉसी यांच्या दृष्टीचा दोष आहे यात शंका नाही, कारण त्या वेळचे बर्लिन हे युरोपातील सर्वांत संघटित कामगारांच्या शहरांपैकी एक होते. जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाजवळ वृत्तपत्रे होती, ग्रंथालये होती, कामगारांच्या सायकल मंडळांपासून गायनसंघांपर्यंत लाखो सभासदांचे जाळे होते. गाण्यांची त्यांच्याकडे वाण नव्हती. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हे गायनसंघ पाहून हेवा वाटला असता. मग बागेत त्यांचे गाणे का ऐकू आले नाही?

एक कारण असे की, ती बाग त्यांच्या नकाशावरच नव्हती. समाजवादी पक्ष हा शहरी कामगारांचा, म्हणजे स्वस्त भाकरी मागणाऱ्या ग्राहकांचा पक्ष होता. शेतमालाचे भाव कोसळले, कर्जापायी शेतांचे लिलाव होऊ लागले, तेव्हा शेतकऱ्याला सांगण्यासारखे त्याच्यापाशी फार थोडे होते. शेतीविषयक कार्यक्रम त्याने मंजूर केला तो १९२७ साली, कील येथील अधिवेशनात. तोपर्यंत जमीनमालक शेतकरी हा इतिहासाने मोडीत काढलेला वर्ग, अशीच मार्क्सवादी पंडितांची धारणा होती. ज्याला आपण नामशेष होणार असे सांगितले जाते, तो उद्याचे गाणे दुसऱ्या कोणाकडून तरी शिकणारच.

दुसरे कारण अधिक कडू आहे. १९२९ च्या मे दिनी समाजवादी पोलीसप्रमुखाच्या अमलाखालील बर्लिन पोलिसांनी कम्युनिस्ट निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, तीसहून अधिक माणसे मेली. कम्युनिस्टांनी मॉस्कोच्या आदेशानुसार समाजवाद्यांना 'सोशल फॅसिस्ट' ठरवले, ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियाचे समाजवादी सरकार पाडण्यासाठी नाझींच्या बाजूने सार्वमतात भाग घेतला, आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये बर्लिनच्या वाहतूक संपात नाझींशी हातमिळवणी केली. समाजवाद्यांनी मोठे संकट टळावे म्हणून ब्रुनिंगच्या वटहुकुमी कारभाराला सांभाळून घेतले, राष्ट्राध्यक्षपदासाठी वृद्ध हिंडेनबुर्गला मते दिली, आणि पुढे त्याच हिंडेनबुर्गने हिटलरची नेमणूक केली. १९२० साली सार्वत्रिक संपाने काप्पचे लष्करी बंड काही दिवसांत धुळीला मिळवणारे कामगार २० जुलै १९३२ रोजी, पापेनने प्रशियाचे सरकार बरखास्त केले तेव्हा, आदेशाची वाट पाहत राहिले. आदेश आला नाही. साठ लाख बेकार असताना संप टिकणार नाही, असा हिशेब नेत्यांनी केला होता. तो हिशेब निराधार नव्हता, आणि म्हणूनच या इतिहासाकडे पाहताना आज सुखाने बसलेल्या माणसाने भित्रेपणाचा आरोप जपून करावा. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या. समाजवाद्यांना १२१ आणि कम्युनिस्टांना १००. बेरीज शाळकरी मुलालाही येण्यासारखी होती.

चित्रपट हे काहीच सांगत नाही, परंतु त्याचा शेवट या मौनाशी सुसंगत आहे. सॅली गाऊन घेते, सूत्रधार निरोप घेतो, ढोल वाजून एकदम थांबतो. क्लबच्या भिंतीवरील वेड्यावाकड्या आरशासारख्या पत्र्यात प्रेक्षकांची प्रतिबिंबे दिसतात, आणि आरंभी ज्या खुर्च्यांवर तऱ्हेतऱ्हेचे लोक होते तेथे आता तपकिरी गणवेष आणि स्वस्तिके दिसतात. त्यांना आता कोणी हाकलत नाही. १९६५ च्या 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये गाणारे कुटुंब डोंगर ओलांडून सुटते आणि प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. 'कॅबरे'त ज्यांना जाता येते ते आपापले निघून जातात. बर्लिनमध्ये राहिलेल्यांचे काय झाले हे चित्रपटाबाहेर शोधावे लागते.

२३ मार्च १९३३ रोजी राइशस्टागमध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध ९४ मते पडली, ती सर्व समाजवाद्यांची. कम्युनिस्ट सभासद तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते. २ मे रोजी युनियनची कार्यालये ताब्यात घेण्यात आली, २२ जूनला समाजवादी पक्षावर बंदी आली. कम्युनिस्टांचे नेते अर्न्स्ट थेलमान मार्च १९३३ मध्ये पकडले गेले आणि अकरा वर्षे डांबले गेले. समाजवाद्यांचे संसदीय नेते रुडोल्फ ब्राइटशाइड फ्रान्सला निसटले, पण १९४१ मध्ये त्यांना नाझींच्या स्वाधीन करण्यात आले. १८ ऑगस्ट १९४४ रोजी बुखेनवाल्डच्या छावणीत थेलमान यांना गोळी घालून ठार करण्यात आले. त्याच छावणीत कैद असलेले ब्राइटशाइड सहा दिवसांनी, २४ ऑगस्टच्या हवाई हल्ल्यात मेले. सप्टेंबरमध्ये नाझी सरकारने जाहीर केले की, हे दोघेही एकाच बॉम्बहल्ल्यात मरण पावले. त्या खोट्या निवेदनात दोघांची नावे शेजारी शेजारी छापलेली होती.